परसबाग, खार आणि अर्ध्या इंचाची जाळी

टोमॅटोला रंग चढायला लागला की खारही यायला लागते. एखादं फळ तिने पूर्ण खाल्लं असतं तर वाईट वाटलं नसतं. पण ती एका बाजूने कुरतडते, अर्धवट सोडते आणि लगेच दुसऱ्याला तोंड लावते. पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर, कोकणातल्या परसात, विदर्भातल्या अंगणात हीच तक्रार आहे आणि सुचवले जाणारे उपायही तेच: जुन्या सीडी टांगा, मिरचीचं पाणी फवारा, नायलॉनची जाळी टाका. या तिन्हींचा थोडाफार उपयोग होतो, भरवशाचा एकही नाही. खात्रीने चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सगळ्या कडा बंद केलेली अर्ध्या इंची लोखंडी जाळी. बाकीचं सारं तिला पूरक.

जाळीवर पैसे घालण्याआधी मात्र कोण खातंय ते नक्की करा. निम्म्या वेळा खारीच्या नावावर दुसऱ्याचंच खातं फाडलं जातं.

खार फक्त दिवसा येते. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि उन्हं कलताना तिची वर्दळ जास्त. तिने खाल्लेल्या फळावर अरुंद, समांतर, जोडीजोडीने उमटलेल्या दातखुणा दिसतात. फळ बऱ्याचदा कठड्यावर किंवा भिंतीवर नेऊन टाकलेलं असतं. ताज्या पेरलेल्या कुंडीत बोटाच्या पेराएवढे खड्डे आणि शेजारी दाण्याची सालं, हेही तिचंच काम. आपल्याकडे पाठीवर पाच पट्टे असलेली आणि तीन पट्टे असलेली अशा दोन्ही खारी दिसतात. बंदोबस्त दोघींचा सारखाच.

फळ संध्याकाळी शाबूत होतं आणि सकाळी कुरतडलेलं मिळालं, तर तो उंदीर. भिंतीच्या कडेला लेंड्या आणि ठिबकच्या नळीला दात लागलेले दिसतील. रोप वरून शाबूत असूनही अचानक मान टाकतं, उपटलं तर मूळच जागेवर नसतं आणि जवळपास बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग असतो, तिथे घूस समजावी. रताळी, मुळा, गाजर तिला खालून मिळतात. बुलबुल पिकलेल्या फळाला चोचीने खोलगट खड्डा पाडतो, त्याच्या कडा तुटक असतात. पोपट सूर्यफूल, मटार, डाळिंब, मक्याचं कणीस फाडतो आणि खातो त्याहून जास्त खाली पाडतो. चिकू-पेरूखाली सकाळी चावून थुंकलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडल्या असतील तर रात्री वटवाघळं येऊन गेली.

आणि टोमॅटोला गोल, स्वच्छ भोक असेल, आत ओलसर विष्ठा असेल, तर ती फळ पोखरणारी अळी आहे. तिच्यासाठी पिंजरा बांधून काहीच साधणार नाही.

नजर ठेवायला वेळ नसेल तर रांगोळी वापरा. कुंड्यांच्या वाटेवर, फरशीवर किंवा जुन्या ताटात रांगोळीचा पातळ, सपाट थर पसरा. अंधार पडल्यावर एकदा आणि उजाडता उजाडता एकदा बघा. ठसे संध्याकाळच्या फेरीत दिसले की दिवसाचं जनावर, पहाटे दिसले की रात्रीचं. पीठ घालू नका, पिठाला उंदीरच येतात.

जाळी कोणती

दुकानात मागताना 'जीआय वेल्डमेश, अर्धा इंच, २० गेज' असं सांगा. जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, वेल्डमेश म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली चौकोनी घरांची जाळी. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवा. २४ गेजची स्वस्त जाळी हाताने दाबली तरी वाकते आणि एका पावसाळ्यात सांध्यांशी सुटू लागते. एक इंची चौकोनातून मोठी खारसुद्धा निघते, कारण तिचं डोकं शिरलं की बाकीचं अंग मागून येतंच. पाऊण इंचातून पिल्लं शिरतात. षटकोनी चिकन मेश स्वस्त असते पण तिची तार बारीक, ती झोळ खाते आणि पिळाचे सांधे ओढून मोठे होतात. नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या जाळ्या खार काही मिनिटांत कातरते. घरात फिरणारा चिमुकला उंदीर अर्ध्या इंचातूनही जाऊ शकतो. त्याचाच त्रास असेल तर पाव इंची जाळी लागते, पण ती महाग पडते आणि ऊनही थोडं अडवते. बहुतेक घरी अर्धा इंच पुरतो.

कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात साधी जीआय लवकर गंजते. तिथे वेल्डिंग झाल्यानंतर जस्तात बुडवलेली जाळी मागा (सांध्यावरही जस्ताचा थर सलग दिसतो), परवडत असेल तर ३०४ दर्जाची स्टेनलेस.

जमिनीवरच्या वाफ्याचा पिंजरा

६ बाय ३ फुटांचा वाफा आणि ३ फूट उंची धरू. चौकट १ इंची चौकोनी लोखंडी पाइपची, छताला मधोमध एक आडवा पाइप; तो नसेल तर ६ फुटांत जाळी झोळ खाते आणि मांजर त्यावर झोपायला येतं. जाळी ४ फूट रुंदीची घ्या. वाफ्याचा घेर १८ फूट, म्हणून बाजूंसाठी १८ फूट लांब तुकडा. रुंदीतले ३ फूट उंचीला गेले की खाली १ फूट उरतो. त्यातले ६ इंच जमिनीत सरळ खाली आणि पुढचे ६ इंच काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली गाडायचे. घूस भिंतीलगत उकरायला लागते, खाली जाळी लागली की थांबते. चार पावलं मागे सरून नव्याने उकरावं असं तिला सहसा सुचत नाही. म्हणूनच जाळी नुसती सरळ दीड फूट खोल गाडण्यापेक्षा बाहेर वळवलेली जास्त कामाची, आणि खणायचे कष्टही निम्मे. कोपऱ्यावर बाहेर वळवताना जाळी कापावी लागते आणि ६ बाय ६ इंचांची मोकळी जागा राहते. तिथे ८ बाय ८ इंचांचे चार वेगळे तुकडे तारेने बांधा. हे चार तुकडे टाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यात घूस कोपऱ्यातूनच शिरते.

छतासाठी ६ फूट लांब तुकडा. ४ फूट रुंदीतले दोन्ही बाजूंचे सहा-सहा इंच खाली दुमडून बाजूच्या जाळीवर घ्या. टोकांच्या दोन बाजूंना दुमड उरत नाही, तिथे छताची कड पाइपलाच पक्की बांधा. जोडाला लागणारी थोडी जास्तीची जाळी धरून एकूण २५ फूट लागते, म्हणजे ५० फुटी गुंडाळीत असे दोन पिंजरे बसतात. शेजाऱ्याबरोबर गुंडाळी वाटून घेतली तर दोघांचेही पैसे वाचतात.

जाळी चौकटीच्या बाहेरून लावा. बाहेरून जनावर ढकलतं तेव्हा ती पाइपवर दाबली जाते. आतून लावलेली ढकलली की सुटते. दर ४ इंचांवर जीआय बाइंडिंग तारेचा पीळ द्या आणि पिळाची टोकं आत वळवा, नाहीतर भाजी तोडताना हात फाटतो. कापायला पत्र्याची कात्री आणि हातात जाड मोजे हवेतच. कापलेल्या प्रत्येक कडेचं जस्त गेलेलं असतं, गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून बसवण्याआधी त्या कडांना झिंक प्रायमरचा हात मारा.

खरी कसोटी दाराची. दार चौकटीत अगदी मापाने बसवू नका. चारही बाजूंनी एक इंच चौकटीवर चढेल इतकं मोठं ठेवा. कडी एक नको, दोन हव्यात, एक वर आणि एक खाली. एकाच कडीचं दार विरुद्ध कोपऱ्याशी वाकतं आणि तिथे पडलेली इंचभर फट खारीला पुरते. बिजागऱ्यांच्या बाजूलाही फट राहते, तिथे आतून दोन इंच रुंद जाळीची पट्टी बांधा.

गच्चीवर

गच्चीत गाडायला माती नाही, आणि अडचण वेगळीच निघते. गच्चीला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार असतो. शंभराला एक इतका उतार धरला तरी ६ फुटांच्या पिंजऱ्याखाली एका टोकाला सुमारे १८ मिलिमीटर फट पडते. उंदराला आणि खारीच्या पिल्लाला ती पुरते. तिथे रबर किंवा फोम भरू नका, कुरतडतात. खालच्या पाइपला ६ इंच रुंद जाळीची झालर बांधून ती बाहेर फरशीवर पसरू द्या आणि तिच्यावर ओळीने विटा ठेवा. पाणी अडत नाही, फटही राहत नाही. खारीच्या वाटाही बघून ठेवा: कठड्याला टेकलेली फांदी, केबल, पाण्याचा पाइप. फांदी कठड्यापासून निदान २ मीटर मागे छाटा. केवळ तेवढ्याने खार थांबणार नाही, पण वर्दळ कमी होते.

पिंजऱ्यातलं परागीभवन

याचा विचार फार थोडे लोक करतात आणि मग 'पिंजरा घातल्यापासून वांगी धरत नाहीत' म्हणतात. मधमाशी अर्ध्या इंचातून आरामात येते-जाते. मोठा काळा भुंगा येऊ शकत नाही, आणि वांगी-टोमॅटोच्या फुलातला पराग मोकळा करायला त्याचीच थरथर उपयोगी पडते. टोमॅटो वाऱ्यानेही बऱ्यापैकी धरतो. वांग्याला मदत करावी: सकाळी ऊन चढल्यावर फुललेल्या फुलांच्या देठाला टिचकी मारा किंवा बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू क्षणभर टेकवा. दिवसाआड केलं तरी चालतं.

वेलवर्गीय भाज्या पिंजऱ्यात कोंडूच नका. काकडी, कारली, दुधी, दोडका मांडवावरच राहू द्यावेत आणि फळ धरल्यावर एकेका फळाला पिशवी बांधावी. हाताने परागीभवन करायचंच झालं तर वेळ पाळा: काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलाशी झटापट करून फळ धरत नाही.

आत जागा थोडी असते म्हणून निवड करावी लागते. टोमॅटो, मटार, मका, भुईमूग, स्ट्रॉबेरी आणि रोपांचे ट्रे आत. मेथी, पालक, मिरची, गवार, अळू, हळद, आलं बाहेर ठेवलं तरी खारीकडून फारसा धोका नाही.

पेरणीचे पंधरा दिवस

नुकसानीचा मोठा भाग फळांआधीच होऊन जातो. घेवडा, वाल, मका, भुईमूग, सूर्यफूल यांचं बी म्हणजे खारीसाठी उकरायला सोपं अन्न, आणि ताजी हलवलेली माती तिला जागा दाखवते. पेरल्यावर माती तळहाताने घट्ट दाबा, पाणी द्या, वर वाळक्या पानांचा थर टाका आणि कुंडीवर जाळीचा तुकडा कडा खाली दुमडून बसवा. जाळी नसेल तर भाजीचा बारीक छिद्रांचा क्रेट किंवा बांबूची दुरडी पालथी घालून वर वीट ठेवा. रोपाची पानं आच्छादनाला टेकू लागली की काढायचं. तोवर दाणा संपलेला असतो आणि खारीचा रस उरत नाही.

खताकडेही बघा. शेंगदाणा पेंड आणि हाडांचा चुरा यांच्या वासाने उंदीर-घुशी कुंड्या उकरतात. निंबोळी पेंड वापरा. ओला कचरा उघड्यावर कुजत असेल तर बागेला कितीही जाळ्या लावा, घूस हलणार नाही. कंपोस्टच्या पिंपाच्या तळाला बाहेरून अर्ध्या इंची जाळी बसवा, गाळ निघतो आणि घूस शिरत नाही. नारळाच्या काथ्याचं अस्तर असलेल्या टांगत्या कुंड्या खारी घरट्यासाठी उसवून नेतात. तिथे काथ्याऐवजी शेडनेटचा तुकडा घाला.

जाळीशिवाय जे जमतं

टोमॅटो वेलीवर लाल व्हायची वाट बघू नका. फळाच्या टोकाला पहिली गुलाबी-पिवळी झाक आली की तोडा आणि घरात सावलीत, टोपलीत एका थराने ठेवा. २० ते २५ अंश तापमानात ते आठवडाभरात पिकतात आणि चवीत फरक जाणवत नाही. फुकटात मिळणारा याहून चांगला उपाय नाही. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, पिकण्याची क्रिया तिथे थांबते आणि चव जाते.

मार्च ते मे या काळात खार टोमॅटो-काकडी बऱ्याचदा पाण्यासाठी फोडते. बागेपासून लांब, सावलीत, पाण्याचं उथळ भांडं ठेवलं की हा त्रास कमी होतो. पाणी रोज बदला, डासांसाठीही आणि पक्ष्यांसाठीही. धान्याचं फीडर मात्र बागेजवळ टांगू नका.

मिरचीच्या फवाऱ्याचं गणित असं: १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे झणझणीत तिखट १० मिनिटं उकळायचं (उघड्यावर, घरात ठसका लागतो), रात्रभर मुरू द्यायचं, दुहेरी सुती कापडातून गाळायचं, ५ मिली पातळ साबण घालायचा. ब्याडगी वापरू नका, तिच्यात रंग जास्त, तिखटपणा कमी. आधी एका पानावर फवारून दुसऱ्या दिवशी करपतं का बघा. संध्याकाळी, हातमोजे आणि चष्मा घालून, वाऱ्याच्या दिशेने फवारा. पाऊस पडला किंवा वरून पाणी घातलं की परत मारावं लागतं. आणि हा फवारा सस्तन प्राण्यांपुरताच आहे: मिरचीतला तिखट घटक पक्ष्यांना जाणवतच नाही, म्हणून तर बुलबुल पिकलेल्या मिरच्या मजेत खातो. पक्ष्यांसाठी फवारणं वाया.

सीडी, चमकपट्ट्या, बुजगावणं यांना जनावरं लवकर सरावतात. फळं पिकायच्या ऐन आठ दिवसांत लावा आणि दर दोन दिवसांनी जागा बदला, तर थोडा फायदा. वर्षभर टांगून ठेवलेल्या सीडीवर खारी बसतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून जनावरं पळवणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांवर उघड्या बागेत पैसे घालवू नयेत. तो आवाज अंतराबरोबर झपाट्याने विरतो आणि पानाआड, कुंडीआड पोचत नाही.

पक्ष्यांसाठी फळाला पिशवी बांधणं हाच चांगला मार्ग. डाळिंब, सीताफळ, पेरूला कागदी किंवा मलमलची, टोमॅटोच्या घोसाला पातळ जाळीदार. पूर्ण वाफ्यावर नेट टाकायचं असेल तर सैल नायलॉनची मोठ्या घरांची जाळी टाकू नका, ही कळकळीची विनंती. धामण उंदरांच्या मागावर येते, अंग आत घालते, खवल्यांमुळे मागे सरकू शकत नाही आणि तारेत कापली जाते. बुलबुलांचे पाय अडकतात. घट्ट विणीचं शेडनेट कमानींवर ताणून लावा आणि कडा जमिनीवर दाबून टाका. साप अडकलाच तर ओढू नका, लांब राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा.

विष, सापळे, चिकटपट्ट्या

चिकटपट्टी बागेत कधीही ठेवू नये. तिच्यावर चिमण्या, पाली, सरडे, खारीची पिल्लं चिकटतात आणि तासन्‌तास तडफडतात. झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष पोटात गेल्यावर फॉस्फिन वायू होतो, त्यावर उतारा नाही. लहान मूल किंवा कुत्रं असलेल्या घरात त्याला थारा देऊ नका. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर तो सुस्त उंदीर घुबड किंवा मांजर उचलतं. विष पुढे सरकतं. गव्हाणी घुबड, मुंगूस, धामण हीच उंदरांवरची खरी राखण आहे. चिचुंद्री तर बहुतांश किडेच खाते, तिला उंदीर समजून मारू नका.

उंदरासाठी पिंजरा लावायचा तर अंधार पडल्यावर उघडायचा आणि पहाटे बंद करायचा, म्हणजे दिवसा खार अडकत नाही. खार पकडून लांब सोडणं निरर्थक आहे: रिकाम्या जागेत दुसरी येते, आणि पकडलेली पिल्लांची आई असेल तर घरट्यातली पिल्लं उपाशी मरतात. मोर, पोपट यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पकडणं किंवा इजा करणं गुन्हा आहे. मोर उतरत असतील तर वाफ्यावर फूट-फूट अंतराने आडव्या दोऱ्या ताणा, पंख पसरून उतरायला जागा राहिली नाही की ते दुसरीकडे वळतात.

नारळावर उंदीर चढत असतील तर खोडाला जमिनीपासून २ मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बसवतात. झावळ्या शेजारच्या झाडाला किंवा छपराला टेकत असतील तर पट्टा व्यर्थ.

माकडं आणि वानरांपुढे बांधलेली जाळी टिकत नाही. ती पीळ उलगडतात, दार उचकटतात. तिथे चौकट वेल्ड केलेली, जाळी पट्टी ठेवून बोल्टने आवळलेली आणि दाराला कुलूप लागतं. ते शक्य नसेल तर हळद, आलं, सुरण, कारली, मिरची अशी पिकं घ्या, त्यांच्या वाटेला माकडं कमी जातात. कुंपणाला घरातली २३० व्होल्ट वीज कुणी कितीही सांगितलं तरी जोडू नका. त्याने माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे. सौर कुंपण वेगळं असतं, त्यात ठरावीक अंतराने क्षणभराचा झटका देणारं यंत्र असतं आणि ते माहीतगाराकडूनच बसवून घ्यावं.

पावसाळ्यात

जूननंतर खारीपेक्षा मोठा उपद्रव शंखी गोगलगायीचा. सकाळी रोपाचा फक्त खुंट उरलेला आणि फरशीवर चकाकणारी वाळकी रेघ दिसली की तीच. पिंजऱ्याच्या जाळीवरून ती चढते आणि लहान असेल तर आतही जाते. ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा. पहाटे उलटलं की खाली गोळा झालेल्या मिळतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मीठ वाफ्यात टाकू नका. उघड्या हाताने उचलू नये, त्यांच्यात माणसाला अपायकारक कृमी असू शकतात. मातीत वाटाण्याएवढी फिकट पिवळसर अंडी सापडली तर तीही त्याच बादलीत. एका पुंजक्यात शंभरावर असतात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना विषारी आहेत, म्हणून अंगणात कुत्रं असेल तर हाताने वेचणंच बरं.

पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात पिंजरा तपासा. मातीलगतची ४ इंच जाळी आधी गंजते. बोटाने दाबून बघा, तार तुटत असेल तर तेवढाच पट्टा बदला, नव्या जाळीची दोन इंच चढ जुन्या धड भागावर घेऊन. दाराच्या कड्या सैल झाल्या असतील तर आवळा. कापलेल्या कडांना आणि पाइपच्या वेल्डिंगला पॉलिश पेपर मारून झिंक प्रायमरचे दोन हात द्या, वाळायला दोन दिवस सोडा आणि मगच रब्बीची टोमॅटोची रोपं आत लावा.